बँकेची पायरी
(खंडाळा येथे साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आपण बँकेविषयी बोलणार आहोत. कुणी म्हणेल, बँकेचं आम्हाला काय सांगता? शिरवळला बँका आहेत, लोणंदच्या बाजारपेठेत आहेत, इथं खंडाळ्यातही आहेत. खरं आहे. लोणावळ्याजवळचं खंडाळा हवा खाण्यासाठी प्रसिद्ध. आपलं खंडाळा सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. पुणे-बंगळूर हमरस्ता आपल्या दारावरून जातो. तेव्हा बँक काही फार लांब नाही.

पण बँक जवळ असणं निराळं आणि ती घराच्या कामी येणं निराळं. गावात विहीर आहे, पण आपल्याजवळ पोहरा नाही, दोर नाही. मग तहान भागेल का?

एकाच आळीत दोन घरं असतात. राबणारी माणसं दोन्हीकडं सारखीच. एका घराचा पैसा बँकेत राहतो. नड आली की त्या घराला कर्जही मिळतं. शेजारच्या घराचा पैसा पत्र्याच्या डब्यात राहतो. नड आली की ते घर सावकाराच्या ओट्यावर जातं. असं का व्हावं? नशीब म्हणून सोडून देऊ नये. त्याला कारणं आहेत. ती एकेक करून आपण पाहू.

त्याआधी थोडं मागचं सांगितलं पाहिजे.

आपल्या तालुक्याच्या हद्दीवरून नीरा नदी वाहते. नदीपलीकडं पुणे जिल्हा. त्या जिल्ह्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांवर उठले. पुढं हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. शेतकऱ्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे. जिथं कागद हाती लागले, तिथं त्यांनी ते जाळून टाकले.

कागदावर एवढा राग का? कारण त्या कागदावर काय लिहिलं आहे, ते शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. शंभर घेतले की दोनशे, सावकार म्हणेल ते खरं. किती फेडले, किती राहिले, तेही सावकाराच्या वहीत. खाली अंगठा मात्र शेतकऱ्याचा.

या दंग्यानंतर सरकारनं १८७९ साली एक कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी होता. त्यात एक चांगली गोष्ट होती. शेतकऱ्यानं पैसे फेडले तर सावकारानं त्याला लेखी पावती द्यायची. शेतकऱ्यानं मागितलं तर हिशेबाचं पासबुकही द्यायचं. म्हणजे पासबुकाचा हक्क आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तेव्हापासूनचा आहे! पण पासबुक हातात आलं तरी ते वाचणार कोण? हक्क कागदावर आला, अक्षर मात्र घरात आलं नव्हतं.

महात्मा फुल्यांनी याच सुमाराला 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक लिहिलं. विद्या नाही म्हणून शेतकरी कसा नाडला जातो, हेच त्यांनी त्यात दाखवलं. फुले घराणं मूळचं आपल्याच जिल्ह्यातल्या कटगुणचं. आणि सावित्रीबाई तर आपल्या खंडाळा तालुक्याच्या, नायगावच्या लेक. ३ जानेवारी १८३१ हा त्यांचा जन्मदिवस. अक्षराचा आणि पैशाचा संबंध किती जवळचा आहे, हे आपल्या मातीतल्या माणसांनी फार आधी ओळखलं होतं.

पुढं हळूहळू वाटा झाल्या. १८८२ साली टपाल खात्यानं बचत बँक काढली. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. १९४९ साली आपल्या सातारा जिल्ह्याची मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. गावोगावच्या सोसायट्यांमार्फत ती शेतकऱ्याला पीककर्ज देऊ लागली.

तरीपण वाट मोठी अवघड होती. १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेनं साऱ्या देशात खेड्यांची पाहणी केली. तिचा अहवाल १९५४ साली आला. खेड्यातल्या माणसानं शंभर रुपये कर्ज काढलं, तर त्यातले जवळजवळ सत्तर रुपये सावकाराकडून येत. सहकारी संस्थांकडून येत सुमारे तीन रुपये. व्यापारी बँकांकडून पुरता एक रुपयाही येत नसे. तेव्हा बँक ही शहरातल्या व्यापाऱ्याची. धोतराला चिखल लागलेल्या माणसानं तिची पायरी चढायचीच नाही, असा जणू रिवाज होता.

मग १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि तिला लहान गावांकडं जायला सांगण्यात आलं. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँका सरकारनं ताब्यात घेतल्या. त्यात पुण्यात निघालेली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर सोपवली गेली. सातारा जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे हीच बँक ऑफ महाराष्ट्र. गावोगाव शाखा उघडल्या. बँक आपल्याकडं चालत आली.

आणि तरीसुद्धा, २०११ सालच्या जनगणनेत काय दिसलं? देशातल्या दर शंभर घरांपैकी एकोणसाठच घरं बँकेचा उपयोग करत होती. बाकीची एकेचाळीस घरं बाहेर. ती का बाहेर राहिली? आता ती कारणं घेऊ.

पहिलं कारण अंतर. अंतर म्हणजे नुसतं मैलांत मोजायचं नाही. ते हजेरीतही मोजायचं असतं. रोजानं कामाला जाणाऱ्या बाईला बँकेत जायचं म्हणजे दिवस मोडतो. रोज बुडतो, वर एसटीचं भाडं. शंभर रुपये भरायला जायचं नि त्याहून जास्त गमवायचं, हा कुठला व्यवहार? म्हणून तिला घरी येणारा पिग्मी एजंट बरा वाटतो. तो रोज दारात येतो, दहा-वीस रुपये घेतो, पावती फाडतो. ही पिग्मीची रीत १९२८ साली कर्नाटकातल्या उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं सुरू केली. लहान माणसाकडं लहान रक्कम असते, आणि ती त्याच्या दारात जाऊनच घ्यावी लागते, ही त्यातली खुबी.

२००६ सालापासून रिझर्व्ह बँकेनं बँकांनाही अशी मुभा दिली. बँक आपला माणूस गावात नेमते. त्याला आपण बँक मित्र म्हणतो. त्याच्याकडं मशीन असतं. त्यावर बोट टेकवलं की पैसे मिळतात. याची गोष्ट पुढं येईल.

दुसरं कारण कागद. बँक विचारते, तुम्ही कोण, राहता कुठं? विचारणारच. पण ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणाऱ्यानं पत्ता कुठला सांगायचा? आणि बायकांची अडचण तर सगळ्यांत मोठी. एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. आधार कार्डावर एक, रेशनकार्डावर एक. एका वेलांटीच्या फरकानं काम अडतं. म्हणून घरातले सगळे कागद एकदा समोर मांडून बसावं. नाव सगळीकडं सारखं आहे का, ते अक्षर लावून पाहावं. नसेल तर नड येण्याआधी दुरुस्त करून घ्यावं.

तिसरं कारण कमाईची तऱ्हा. शिरवळच्या कारखान्यात कायम कामाला असलेल्या माणसाचा पगार दर महिन्याला खात्यावर येतो. बँकेला तो माणूस कळतो. पण लोणंदच्या बाजारात कांदा विकणाऱ्याचं तसं नाही. एकदा पट्टी चांगली आली तर आली. दुसऱ्यांदा भाव पडला की भाड्याचेही पैसे सुटत नाहीत. मग तो आडत्याकडून उचल घेतो. उचल घेतली की माल त्याच आडतीवर घालावा लागतो. ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो. त्याचे हातपाय हंगामभर गहाण पडतात. ही उचल व्याजाशिवाय दिसते, पण तिची किंमत आपण दुसऱ्या रस्त्यानं देतच असतो.

चौथं कारण तारण. सोसायटीचं पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला ते नाही. वाट्यानं शेती करणारा, शेतमजूर, आणि रानात सर्वांत जास्त राबणारी बाई, या सगळ्यांचं नाव सातबाऱ्यावर नसतं. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे लक्ष्मीमुक्ती योजना. नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्याला लागतं. दुसरा उपाय बचत गट. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. तिथं तारण जमिनीचं नसतं. दहा-पंधरा बाया एकमेकींची हमी घेतात, वेळेवर फेडतात, तेच तारण.

मात्र इथं एक इशारा देऊन ठेवतो. घरी येऊन झटपट कर्ज देणाऱ्या कंपन्याही आता पुष्कळ झाल्या आहेत. एकीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज काढलं, दुसरीचा भरायला तिसरीचं, की घर बुडालं म्हणून समजा. कर्ज बँकेचं असो की कंपनीचं, फेडायचं आपल्याच घामानं असतं.

पाचवं कारण घरातलंच आहे. ते सांगताना पुरुष मंडळींनी रागावू नये. पुष्कळ घरांत खातं एकच असतं, ते कारभाऱ्याचं. बाईची कमाई त्यातच जाते. तिनं कोंबड्या पाळल्या, दूध घातलं, खुरपायला गेली, तरी तिच्या हाती मोकळा रुपया नसतो. पोराची फी, स्वतःचं औषधपाणी, प्रत्येक गोष्टीला हात पसरायचा. मग ती काय करते? पिठाच्या डब्यात चार पैसे लपवते. घरात कुणी दारू पिणारं असेल, तर तेही सापडतात.

ही गोष्ट थोडीथोडकी नाही. २०१४ साली जागतिक बँकेनं आपल्या देशाची पाहणी केली. शंभर पुरुषांपैकी त्रेसष्टांचं खातं होतं. शंभर बायांपैकी त्रेचाळीसांचं. तीनच वर्षांनी, २०१७ साली, पुरुष त्र्याऐंशी झाले आणि बाया सत्त्याहत्तर. म्हणजे मनावर घेतलं तर हा फरक कमी होतो.

फरक कमी झाला तो जनधन खात्यांमुळं. २८ ऑगस्ट २०१४ रोजी ही योजना सुरू झाली. शिल्लक शून्य असली तरी खातं चालतं, हे तिचं मोठं वैशिष्ट्य. २०२३ सालापर्यंत अशी पन्नास कोटींवर खाती झाली. त्यांतली निम्म्याहून अधिक बायांच्या नावावर आहेत. २०२४ साली महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आली. पैसे बाईच्याच खात्यात येणार म्हटल्यावर ज्या घरात कधी बाईचं खातं निघालं नव्हतं, तिथंही निघालं.

पण खातं निघालं म्हणजे सगळं झालं का? नाही. जागतिक बँकेनंच २०२१ साली पाहिलं, की आपल्या देशातल्या दर तीन खातेदारांपैकी सुमारे एकानं वर्षभरात ना पैसे भरले, ना काढले. खातं आहे, पण त्यात हालचाल नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! दोन वर्षं असं पडून राहिलं तर बँक खातं थांबवते. मग ऐन नडीला ते पुन्हा चालू करायला खेटे घालावे लागतात.

आता सहावं कारण. हे आपल्या वर्गाचं कारण आहे. अक्षर.

माणसं आम्हाला सांगतात, बँकेत जायला भीती वाटते. काचेपलीकडचा माणूस स्लिप भरा म्हणतो. स्लिप भरता येत नाही. मग शेजारी उभ्या असलेल्याला विनवायचं. तो भरून देतो. पण किती रक्कम टाकली, आपल्याला काय कळतं? नाहीतर शिकलेल्या पुतण्याला बरोबर न्यायचं. एटीएमचं कार्ड त्याच्याकडं, त्याचा चोरनंबर त्याच्याकडं, मोबाइलवर येणारा संदेशही तोच वाचणार. खातं आपलं, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला.

या बाबतीत आपल्याच जिल्ह्यात एक फार मोलाची गोष्ट घडली. ती सर्वांनी ऐकण्यासारखी आहे.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका. दुष्काळी मुलूख. तिथं म्हसवड गाव आहे. चेतना गाला सिन्हा या तिथं काम करत होत्या. लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडं आली. रस्त्याच्या कडेला तिचं पाल होतं. पावसाळ्याआधी पालावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा, म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. बँकेनं तिचं खातं उघडलं नाही. रक्कम फार लहान, असं तिला सांगितलं. मंडळी, तिनं कर्ज मागितलं नव्हतं. स्वतःचेच पैसे ठेवायला जागा मागितली होती!

तेव्हा बायांनी ठरवलं, आपणच बँक काढू. अर्ज केला. रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला. कारण काय? अर्ज करणाऱ्या बायांनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांना बँकेचा परवाना कसा द्यायचा?

बाया रडत बसल्या नाहीत. दिवसभर राबून त्या संध्याकाळी अक्षरं गिरवू लागल्या. मग पुन्हा मुंबईला साहेबांपुढं गेल्या. त्यांनी ठणकावून सांगितलं, आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, हा आमचा दोष नव्हे. आम्हाला हिशेब येतो. तुम्ही कुठलीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो. तुमच्या साहेबांनाही मशीन न घेता काढायला सांगा. बघू कोण आधी सांगतं ते!

परवाना मिळाला. १९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढं त्या बँकेला आणखी एक गोष्ट कळली. बाया पासबुक घरी न्यायला तयार नव्हत्या. पासबुकात शिल्लक दिसली की घरातले पैसे काढून मागत. म्हणून बँकेला निराळी सोय करावी लागली. बाईच्या अडचणी ज्यांनी ऐकल्या, त्यांनाच तिची बँक चालवता आली.

या गोष्टीत दोन बाजू आहेत, त्या नीट ध्यानात घ्या. बायांना अक्षर नव्हतं, ही त्यांची उणीव होती. ती त्यांनी भरून काढली. पण लहान रकमेला नाही म्हणणं, ही बँकांची उणीव होती. तीही भरून निघायला हवी होती. दार एकीकडूनच ढकलून उघडत नाही. आतली कडी बँकेनं काढायची, बाहेरून आपण ढकलायचं.

दुसऱ्या देशांतही हाच अनुभव आहे. आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तिथले पुरुष कामाला शहरात जातात आणि घरी पैसे धाडतात. आपल्याकडचे गिरणीकामगार मुंबईहून मनीऑर्डर करत, तसंच. २००७ साली तिथल्या टेलिफोन कंपनीनं साध्या मोबाइलवरून पैसे धाडायची सोय केली. गावातल्या दुकानात ते रोख मिळत. जे लोक कधी बँकेत गेले नव्हते, ते मोबाइलवर पैसे ठेवू लागले. लोकांची गरज होती तशी सोय मिळाली. म्हणून लोक आले.

आता सातवं नि शेवटचं कारण. भरवसा. घाम गाळून मिळवलेला पैसा दुसऱ्याच्या हाती द्यायचा, तर तो बुडणार नाही ना? ही शंका रास्त आहे. १९६० साली केरळात पलाई सेंट्रल बँक नावाची बँक बुडाली. हजारो लोक हवालदिल झाले. तेव्हापासून सरकार जागं झालं. १९६२ साली ठेवींचा विमा सुरू झाला. आज हा विमा पाच लाखांपर्यंत आहे. म्हणजे बँक बुडाली तरी तुमचे व्याजासह पाच लाखांपर्यंतचे पैसे तुम्हाला मिळतात. २०२० साली आपल्याच जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा या विम्याचाच ठेवीदारांना आधार होता.

पण नीट ऐका. हा विमा बँकेला आहे. पतसंस्थेला नाही. भिशीला नाही. वर्षात दामदुप्पट देतो म्हणणाऱ्या कंपनीला तर नाहीच नाही. पतसंस्था चांगल्याही असतात. पण सगळी पुंजी एकाच ठिकाणी, जास्त व्याजाच्या लोभानं ठेवू नये. पैसे ठेवण्याआधी सरळ विचारावं, ही बँक आहे का? इथल्या ठेवीला विमा आहे का?

आता व्याजाचा एक हिशेब करू. सर्वांनी पाटी घ्या. समजा, आजारपणात दहा हजार रुपये हवे आहेत. सावकार म्हणतो, शेकडा पाच. ऐकायला पाच लहान वाटतात. पण हे पाच महिन्याचे आहेत. दहा हजाराला महिन्याचे पाचशे. वर्षाचे किती? सहा हजार. आणि मुद्दल जिथल्या तिथंच. तेच कर्ज बँकेकडून वर्षाला शेकडा बारानं घेतलं तर वर्षाचं व्याज बाराशे. दोन्हींतला फरक चार हजार आठशे रुपये. एवढ्यात पोरांची वह्या-पुस्तकं येतील, घरात धान्य येईल. अक्षर आणि आकडा न येण्याचा हा दंड आहे. तो वर्षानुवर्षं गरिबाच्याच घरातून जातो.

सावकारानं फसवलं असेल, तर त्यालाही कायदा आहे. २०१४ सालच्या महाराष्ट्राच्या कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. बेकायदा सावकारीत लुबाडलेली जमीन परत मिळवता येते. तालुक्याला सहकारी संस्थांचे सहाय्यक निबंधक असतात, त्यांच्याकडं लेखी अर्ज द्यावा. अर्ज तोंडी चालत नाही. पाहा, इथंही अक्षरच लागलं!

मघाशी बोट टेकवायच्या मशीनची गोष्ट सांगायची राहिली. आपण सही शिकलो, अंगठा सुटला म्हणून आनंद मानला. आणि आता मशीन पुन्हा अंगठा मागतं! हा अंगठा वाईट नव्हे. त्यानं ओळख पटते. राबून राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्या की मशीन ओळखत नाही. तेव्हा घाबरू नये, दुसरं बोट टेकवावं, नाहीतर शाखेत जावं. पण एक नियम पाळावा. अंगठा देण्याआधी मशीनवरचा आकडा वाचावा. अंगठा दिल्यावर पावती घ्यावी आणि तीही वाचावी. लागलं नाही, पुन्हा द्या, असं कुणी म्हटलं, तर पुढच्या वेळी पासबुक भरून घेऊन पैसे दोनदा गेले नाहीत ना, ते पाहावं. न वाचता दिलेला अंगठा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी घातक होता, आजही तितकाच घातक आहे.

पासबुक वाचणं अवघड नाही. पहिल्या रकान्यात तारीख असते. मग तपशील. पुढं 'नावे' म्हणजे खात्यातून गेलेले पैसे. 'जमा' म्हणजे आलेले पैसे. शेवटी 'शिल्लक'. नावे म्हणजे गेले, जमा म्हणजे आले, एवढं पाठ करा. स्लिपा, फॉर्म, पासबुक मराठीतही असले पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. न लाजता मराठी स्लिप मागावी. वारसाचं नाव नोंदवलं आहे का, तेही विचारावं. ते नसेल तर मागं राहिलेल्यांचे फार हाल होतात.

किमान शिल्लक ठेवणं जमत नसेल, तर शून्य शिलकीचं मूलभूत बचत खातं मागावं. ते देणं बँकेचं काम आहे, मेहेरबानी नाही. बँकेनं दाद दिली नाही तर लेखी तक्रार करावी, पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८. आणि फोनवरून कुणी चोरनंबर किंवा संदेशातला आकडा विचारला, तर तो माणूस बँकेचा नव्हे, चोर आहे असं समजावं. तरीही पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या नंबरावर फोन करावा.

मंडळी, १९५९ साली आपल्या सातारा जिल्ह्यातच ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावंच्या गावं कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवायला बसली. त्या पिढीनं सही शिकून घेतली. आता आपण सहीच्या पुढं जायचं. सहीच्या वर काय लिहिलं आहे, ते वाचायचं.

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकानं आपलं पासबुक बरोबर आणावं. ज्या बहिणींचं पासबुक कारभाऱ्याच्या पेटीत असेल, त्यांनी ते मागून आणावं. आणि कारभाऱ्यांनी ते आनंदानं द्यावं. शेवटची शिल्लक किती, ती ज्यानं-त्यानं स्वतः वाचून दाखवायची. चुकलं तर पुन्हा वाचू. ज्यांचं खातंच नाही, त्यांची नावं आज लिहून घेऊ आणि दिवस ठरवून सगळे मिळून बँकेत जाऊ. एकट्याला पायरी उंच वाटते. दहाजण बरोबर असले की वाटत नाही.